माकडे एकमेकांकडून काय शिकतात?

तंजावरचे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी कावेरीच्या या सुपीक प्रदेशात भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. १८५५ साली हे संस्थान ब्रिटिशांनी खालसा केले. चोळ राजा राजराज याने बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा मराठी शिलालेख आजही पाहावयास मिळतो. त्या काळी तेथे गेलेल्या कुटुंबांच्या वंशजांनी चहूकडे तमिळ बोलली जात असताना आपली मराठी पिढ्यान्‌पिढ्या घरात टिकवून ठेवली. ही भाषा त्यांना रक्तातून मिळालेली नाही. प्रत्येक मुलाला ती आईच्या, आजीच्या, शेजारपाजारच्या तोंडून नव्याने शिकावी लागली. एका पिढीनेही शिकविणे सोडले असते, तर ती तेथेच संपली असती.

एकाने दुसऱ्याकडून शिकावे, दुसऱ्याने तिसऱ्यास द्यावे आणि अशा रीतीने एखादी गोष्ट समाजात टिकून राहावी, यालाच परंपरा म्हणतात. मनुष्येतर प्राण्यांतही अशा परंपरा असतात काय, हा प्रश्न वर्तनविज्ञानात गेली सत्तरांहून अधिक वर्षे चर्चिला जात आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नरवानर गणातील प्राण्यांचा, म्हणजे माकडे, वानर व कपी यांचा, विशेष अभ्यास झाला आहे. दरवर्षी जगातील काही तरुण अभ्यासक आपल्या आयुष्यातील पाच-सहा वर्षे या एकाच प्रश्नासाठी देतात. ते नेमके काय करतात आणि त्यांचे निष्कर्ष इतक्या कष्टाने का मिळतात, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

दक्षिणेचे माकड

तंजावरच्या परिसरात या अभ्यासाला योग्य असा प्राणी आहे. बंगालच्या उपसागराला लागून कोडियाक्करई हे टोक आहे. इंग्रजी नकाशांत ते पॉइंट कॅलिमिअर या नावाने दाखविलेले असते. १९९१ पर्यंत हा भाग तंजावर जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी नागपट्टिणम हा वेगळा जिल्हा झाला. येथील शुष्क सदाहरित वन, खारफुटी आणि दलदल यांना १९६७ साली अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. काळवीट आणि स्थलांतरित पक्षी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने या ठिकाणी पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा दीर्घ अभ्यास केला. याच रानात बॉनेट माकडांच्या टोळ्या राहतात.

डोक्यावरचे केस मध्यापासून चोहोकडे वळलेले असल्यामुळे या माकडाने टोपी घातल्यासारखी दिसते. त्यावरूनच त्याला हे इंग्रजी नाव मिळाले. शास्त्रीय परिभाषेत त्यास मॅकाका रेडिएटा म्हणतात. महाराष्ट्रात ज्याला नुसते ‘माकड’ म्हटले जाते ते बहुतेक ठिकाणी हेच होय. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर वेगळे. बॉनेट माकड केवळ भारताच्या द्वीपकल्पात आढळते. त्याच्या उत्तरेस, तापी आणि गोदावरी यांच्या पलीकडे, ऱ्हीसस जातीच्या माकडाचा प्रदेश सुरू होतो.

या जातीच्या समाजरचनेचे पहिले व्यवस्थित वर्णन पॉल सायमंड्स या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर १९६९ साली रहमान व पार्थसारथी यांचा आणि १९७१ साली युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाचा अभ्यास प्रकाशित झाला. या सर्वांमधून एक चित्र स्पष्ट झाले. मादी जन्मभर आपल्याच टोळीत राहते. नर वयात आल्यावर बहुधा टोळी सोडून दुसऱ्या टोळीत जातात. नरांमध्ये परस्परांविषयी बरीच सहनशीलता असते. ते एकमेकांजवळ बसतात, एकमेकांच्या अंगावरील केस विंचरून साफ करतात. शिकण्याच्या दृष्टीने या सहनशीलतेला महत्त्व आहे. जवळ जाताच मार बसत असेल, तर पिलाला प्रौढाच्या हातातले फळ तो कसे सोलतो हे पाहताच येणार नाही.

कोशिमा बेटावरील रताळी

प्राण्यांमधील परंपरांच्या अभ्यासाचा प्रारंभ जपानमध्ये झाला. किंजी इमानिशी आणि त्यांचे सहकारी कोशिमा या छोट्या बेटावरील जपानी माकडांचे निरीक्षण करीत होते. माकडे उघड्यावर यावीत म्हणून १९५२ पासून त्यांना किनाऱ्यावर रताळी घालण्यात येऊ लागली. सप्टेंबर १९५३ मध्ये सात्सुए मितो या स्थानिक शिक्षिकेच्या नजरेस एक नवल पडले. इमो नाव दिलेल्या दीड वर्षाच्या मादीने वाळूने माखलेले रताळे पाण्यात नेऊन धुतले आणि मग खाल्ले. ही सवय प्रथम तिच्या सवंगड्यांत व तिच्या आईत दिसू लागली आणि पुढे टोळीत पसरली. मासाओ कावाई यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार १९५८ पर्यंत दोन ते सात वर्षे वयाच्या १९ माकडांपैकी १५ माकडे रताळी धुऊ लागली होती. आठ वर्षांवरील ११ प्रौढांपैकी मात्र केवळ दोघींनीच ही सवय उचलली होती. तरुणांनी नवे स्वीकारावे आणि वृद्धांनी जुन्यास चिकटून राहावे, हे मानवी समाजातील चित्र माकडांतही दिसले, म्हणून या नोंदींनी जगाचे लक्ष वेधून घेतले.

लोकप्रिय लेखनात या घटनेला पुढे नाना फाटे फुटले. शंभरावे माकड रताळे धुऊ लागताच ती विद्या कोणत्या तरी अदृश्य मार्गाने इतर बेटांवरील माकडांनाही अवगत झाली, अशी एक कथा १९७९ नंतर प्रसृत झाली. मूळ नोंदींत तिला कोणताही आधार नाही. कोशिमाच्या टोळीत त्या काळी शंभर माकडेही नव्हती.

शास्त्रज्ञांनी उपस्थित केलेली शंका याहून गंभीर होती. बेनेट गेलेफ या मानसशास्त्रज्ञाने १९९२ साली असे दाखवून दिले, की ही सवय फार सावकाश पसरली होती. माकडे पाहून पाहून शिकत असतील, तर धुणाऱ्यांची संख्या वाढेल तसा शिकण्याचा वेगही वाढावयास हवा. तसे घडल्याचे दिसत नाही. शिवाय रताळी देणारी व्यक्ती धुणाऱ्या माकडांना अधिक रताळी देत असेल, अशीही शक्यता होती. पाण्याजवळ रताळी पडलेली असली, तर प्रत्येक माकडाला स्वतःच्या अनुभवानेच धुण्याचा फायदा कळू शकतो. थोडक्यात, एका टोळीतील अनेक जण एकच गोष्ट करतात एवढ्यावरून ते ती एकमेकांकडून शिकले, असे म्हणता येत नाही.

चार शक्यता

या विषयात डॉक्टरेट करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी हा धडा गिरवावा लागतो. दोन टोळ्यांच्या वागण्यात फरक दिसला, तर त्यामागे चार कारणे असू शकतात. पहिले आनुवंशिक : दोन टोळ्यांचे वंश वेगळे असतील. दुसरे परिसराचे : एका रानात जे फळ आहे ते दुसऱ्यात नसेल. तिसरे वैयक्तिक अध्ययनाचे : प्रत्येक प्राणी स्वतःच्या चुकांमधून एकाच निष्कर्षावर आला असेल. ही तिन्ही कारणे अपुरी ठरली, तरच सामाजिक अध्ययन हे चौथे कारण विश्वासार्ह ठरते.

सामाजिक अध्ययनाचेही प्रकार आहेत. एखादे माकड दगड उलटून किडे खाताना दिसले आणि त्यामुळे पिलाचे लक्ष दगडाकडे वेधले गेले, तर पुढचे सर्व ते स्वतःच शोधून काढू शकते. येथे प्रौढाने फक्त जागा दाखविली. हाताची नेमकी हालचाल पाहून तशीच हालचाल करणे, हे खरे अनुकरण. माकडांत ते सिद्ध करणे अवघड असते. भीतीसुद्धा शिकली जाते. सुसान मिनेका आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखविले, की प्रयोगशाळेत वाढलेली ऱ्हीसस माकडे सापाला भीत नाहीत. परंतु दुसरे माकड सापाला घाबरताना पाहिले की तीही त्याला भिऊ लागतात. चित्रफितीत फेरफार करून माकड फुलाला घाबरत असल्याचे दाखविले असता मात्र त्यांनी ती भीती घेतली नाही. म्हणजे काय शिकावयाचे याचा कल जन्मतःच असतो आणि प्रत्यक्ष धडा समाजाकडून मिळतो.

शक्यता वेगळ्या करण्याचा एक सुबक उपाय प्रयोगाने सापडला. व्हाइटन, हॉर्नर आणि द वाल यांनी २००५ साली चिंपांझींच्या दोन गटांना एकच पेटी दिली. तिच्यातून खाद्य दोन रीतींनी काढता येत असे. प्रत्येक गटातील एका मादीला एकेक रीत आधी शिकविण्यात आली. पुढे बहुतेक चिंपांझींनी आपापल्या गटातील मादीचीच रीत उचलली. खाद्य तेच, पेटी तीच. तेव्हा फरकाचे कारण एकमेकांकडून शिकणे हेच होते. २०१३ साली दक्षिण आफ्रिकेतील व्हर्व्हेट माकडांवर असाच प्रयोग रानात करण्यात आला. दोन रंगांच्या मक्यापैकी एक कडू केला होता आणि निरनिराळ्या टोळ्यांना निरनिराळा रंग टाळावयास शिकविले होते. पुढे कडवटपणा काढून टाकल्यावरही नव्या पिलांनी आईच्याच रंगाचा मका खाल्ला. दुसऱ्या टोळीतून आलेल्या नरांनीसुद्धा जवळजवळ सर्वांनी आपली जुनी आवड सोडून नव्या टोळीची आवड स्वीकारली.

संशोधकाची पूर्वतयारी

आपल्या देशात असे संशोधन करणाऱ्यास प्रथम विद्यापीठाची मान्यता असलेला मार्गदर्शक मिळवावा लागतो. म्हैसूर विद्यापीठ, बंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था, देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि कोइमतूरचे सालिम अली पक्षिविज्ञान व निसर्ग-इतिहास केंद्र या ठिकाणांहून नरवानरांवर महत्त्वाचे काम झाले आहे. तंजावरच्या जुन्या जिल्ह्यात, मयिलादुतुरैजवळील ए. व्ही. सी. महाविद्यालयात वन्यजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरेटसाठी किमान तीन आणि सामान्यतः कमाल सहा वर्षांची मुदत असते. अभयारण्यात काम करावयाचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. ती मिळण्यात महिने जातात आणि मुदतीचे घड्याळ मात्र चालूच राहते.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने कोडियाक्करईच्या रानातील एक टोळी आणि गावाजवळ, यात्रेकरूंच्या वाटेवर राहणारी दुसरी टोळी यांची तुलना करण्याचे ठरविले. पहिले काही महिने तिला माकडांच्या मागे नुसते फिरावे लागेल. तिच्या उपस्थितीने त्यांच्या वागण्यात फरक पडेनासा झाला, की खऱ्या नोंदींना सुरुवात होते. या काळात तिने त्यांना एक शेंगदाणाही देता कामा नये. दिल्यास ती स्वतःच त्यांच्या परिसराचा भाग होईल आणि कोशिमावर घेतली गेली तीच शंका तिच्या कामावरही घेतली जाईल.

दुसरे काम ओळख पटविण्याचे. कोणाचा कान फाटलेला आहे, कोणाच्या ओठावर डाग आहे, कोणाची शेपूट तुटकी आहे, यावरून प्रत्येक माकडाला नाव अथवा क्रमांक दिला जातो. कोण कोणाकडून शिकले हे ठरवावयाचे असेल, तर ‘एका माकडाने’ अशी नोंद निरुपयोगी असते. तिसरे काम वर्तनसूचीचे. खाणे, केस साफ करणे, दात दाखविणे, जवळून पाहणे अशा प्रत्येक कृतीची नेमकी व्याख्या आधी लिहून ठेवावी लागते. दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे केलेल्या नोंदी जुळतात की नाही, याचीही परीक्षा घेतली जाते.

नोंदी घेण्याची पद्धत जीन आल्टमन या विदुषीने १९७४ साली लिहिलेल्या एका निबंधाने निश्चित केली. त्याआधी बहुतेक निरीक्षक नजरेत भरेल ते लिहून काढीत. त्यामुळे मारामाऱ्यांची संख्या फुगत असे आणि शांतपणे बसलेल्या माद्या वहीत येतच नसत. आल्टमन यांच्या पद्धतीत आधीच ठरविलेल्या क्रमाने एकेका प्राण्यावर ठरावीक मिनिटे लक्ष ठेवले जाते आणि त्या वेळात त्याने जे जे केले ते सर्व नोंदले जाते. ते माकड झोपले, तर झोपेची नोंद होते. शेजारी कितीही गंमत चालली असली तरी मान वळवावयाची नसते.

कोण कोणाजवळ किती वेळ बसते, या नोंदींमधून टोळीतील संबंधांचे जाळे तयार होते. मग टोळीत एखादी नवी कृती दिसू लागली, तर ती कोणत्या क्रमाने पसरली हे त्या जाळ्याशी ताडून पाहता येते. कृती जाळ्याच्या धाग्यांवरून, म्हणजे निकटवर्तीयांकडून निकटवर्तीयांकडे गेली असेल, तर सामाजिक अध्ययनाची बाजू बळकट होते. ती इकडेतिकडे विखुरलेल्या माकडांत उगवली असेल, तर प्रत्येक जण स्वतंत्रपणे शिकल्याचा संभव अधिक. २००९ सालापासून या तुलनेसाठी गणिती पद्धती विकसित झाल्या आहेत. मात्र नवी कृती संशोधकाच्या मुदतीत घडेलच असे नाही. बॉनेट माकडांची बहुतेक पिले वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मतात. एक हंगाम हुकला तर पुढच्या पिलांसाठी वर्षभर थांबावे लागते.

देवळांजवळची माकडे

आशियातील अनेक देवालयांभोवती माकडांच्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या आहेत आणि सामाजिक अध्ययनाची काही उत्तम उदाहरणे तेथेच सापडली. थायलंडमधील लोपबुरी येथे माकडे बायकांचे केस ओढून त्यांनी दात कोरताना आढळली. पिलू समोर असताना आया ही क्रिया अधिक वेळा थांबत व पुनःपुन्हा करतात, अशी नोंद २००९ साली प्रसिद्ध झाली. बाली बेटावरील उलुवाटू मंदिराजवळची माकडे यात्रेकरूंचे चष्मे व टोप्या पळवितात आणि खाऊ मिळाल्याशिवाय परत करीत नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ही सवय तेथील सर्व टोळ्यांत सारखी नाही. ज्या टोळ्या माणसांच्या अधिक सहवासात होत्या आणि ज्यांत तरुण नर अधिक होते, त्यांच्यात ती अधिक होती.

भारतातही असे काम झाले आहे. अनिंद्य सिन्हा यांनी १९९७ साली एका रानटी बॉनेट मादीने काडी वगैरे वस्तू तासून-मोडून हत्यार म्हणून वापरल्याची नोंद केली आणि २००५ साली या जातीतील वर्तनपरंपरांविषयी विस्तृत निबंध लिहिला. बंदीपूरच्या रानातून जाणाऱ्या रस्त्यालगतची काही माकडे खाऊ हाती असलेल्या माणसाकडे पाहून विशिष्ट आवाज काढतात आणि हात पुढे करतात. देशपांडे, गुप्ता व सिन्हा यांनी २०१८ साली असे दाखविले, की हा हेतुपूर्वक साधलेला संवाद आहे. ही खूण प्रत्येक माकडाने मिळणाऱ्या खाऊमुळे स्वतः शोधली, की एकाचे पाहून दुसऱ्याने उचलली, हा प्रश्न मात्र दीर्घ निरीक्षणानेच सुटण्यासारखा आहे.

या प्रश्नाला व्यवहारातही मोल आहे. गावात किंवा देवळात माकडांचा उपद्रव वाढला, की ‘म्होरक्या’ माकडाला पकडून दूर सोडावे अशी मागणी होते. पिशवी उघडण्याची विद्या टोळीत पसरून गेली असेल, तर एकाला हलविल्याने ती नाहीशी होणार नाही. उलट हलविलेले माकड ती विद्या नव्या टोळीत घेऊन जाऊ शकेल. प्रत्येक माकड खाऊच्या आशेने स्वतंत्रपणे शिकत असेल, तर उघड्यावर अन्न न टाकणे व माकडांना न भरविणे हाच खरा उपाय ठरतो. दोन्ही परिस्थितींत उपाय वेगळा असल्यामुळे आधी कारण ठरविणे अगत्याचे आहे.

परंपरा आणि संरक्षण

बॉनेट माकड सर्वत्र दिसते, म्हणून ते विपुल आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. कुमार, सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकात केलेल्या पाहणीवरून २०१० साली ती चुकीची असल्याचे दाखवून दिले. रस्ते रुंद करताना दुतर्फा असलेले जुने वड तोडले गेले आणि त्यांवर राहणाऱ्या टोळ्याही गेल्या. उत्तरेकडून ऱ्हीसस माकड दक्षिणेत सरकत असल्याचे २०११ साली नोंदले गेले. २०२० साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने बॉनेट माकडाची गणना ‘असुरक्षित’ या वर्गात केली.

टोळी नष्ट होते किंवा पांगविली जाते, तेव्हा केवळ काही प्राणी कमी होतात असे नाही. कोणत्या ऋतूत कोणते झाड फळते, कडक उन्हाळ्यात पाणी कोठे सापडते, कोणत्या आवाजावर पळावयाचे, हे ज्ञान प्रौढ माद्यांकडून पिलांना मिळत असेल, तर त्या माद्यांबरोबर तेही जाते. पुढे त्याच रानात दुसरीकडची माकडे आणून सोडली, तरी त्यांना सर्व प्रथमपासून शिकावे लागेल.

म्हणूनच कोडियाक्करईसारख्या ठिकाणी वही व दुर्बीण घेऊन एका माकडावर दहा-पंधरा मिनिटे नजर लावून बसणाऱ्या संशोधकाचे काम वाटते तितके निरुपद्रवी कुतूहलाचे नाही. पाच-सहा वर्षांच्या अखेरीस त्याच्या हाती बहुधा एकदोन लहान, पण तपासून घेतलेली विधाने येतात : अमुक टोळीतील अमुक सवय पिलांनी आईजवळ बसून उचलली, अमुक सवय मात्र प्रत्येकाने स्वतःच शोधली. या विधानांच्या आधारे वन खात्याला, देवस्थानांना आणि गावकऱ्यांना आपापले निर्णय अधिक विचाराने घेता येतात. ज्या टोळीची नोंद कोणी केलीच नाही, तिची परंपरा होती की नव्हती, हे पुढे कोणालाही सांगता येत नाही.